दुसरी खुर्ची तुझीच आहे भाऊ

आलेलं पत्र:

"ताई नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, नाव छापू नका, गावात सगळे वाचतात. वय 29. घरी तीन एकर, केळी आणि थोडा कापूस. एस.वाय. बीएस्सी पास झालो आणि टी.वाय.ला असताना वडील गेले. शेतीची लाईट रात्रपाळीची होती, केळीला पाणी भरायला गेले, साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. बहीण तेव्हा दहावीला होती. मी कॉलेज सोडलं, शेती धरली, ती शिकली. आता एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीला विद्यापीठात पहिली आलीय, पदवीप्रदानात सुवर्णपदक मिळणार आहे. केळीच्या खोडाचा कचरा लवकर कुजवणारे जिवाणू शोधायचा तिचा प्रोजेक्ट होता, तो आविष्कारला, विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, पण गेला होता. मी त्यात काही केलं नाही, फक्त दोन-तीनदा कुजलेलं खोड पोत्यात भरून मोटरसायकलवर होस्टेलच्या गेटपर्यंत नेऊन दिलं.

गावात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले होते, त्यातला एक जण म्हणाला, बहीण गोल्ड मेडल आणि मुलगा बारावी का? त्या रात्री मी घरात बोलून गेलो की तू माझ्या जिवावर शिकली, तू शिकली नसती तर मी शिकलो असतो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आईला म्हणते मी पदक घ्यायला जाणारच नाही. घरच्या दोन माणसांना नेता येतं, तिने आधी आई आणि माझं नाव दिलं होतं. ताई, मला तिचा राग नाही हो, पण आनंदही पूर्ण होत नाही, छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. मी काय करू? आणि या वयात परत शिकायचं म्हटलं तर लोक हसतील का?"

उत्तर:

भाऊ, तुला अरेतुरे करते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला त्या पोत्यापाशी अडखळले. तू लिहितोस "मी त्यात काही केलं नाही, फक्त पोतं नेऊन दिलं". मी मराठी शिकवणारी बाई, मला त्या जिवाणूंमधलं काही कळत नाही, म्हणून आमच्या कॉलेजात मायक्रो शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला आणि विचारलं की या असल्या प्रोजेक्टमध्ये कुजलेल्या खोडाचं काम काय असतं. त्या म्हणाल्या, अहो तेच तर सगळं असतं. खोड कुजवणारे जिवाणू हवे असतील तर ते जिथे खोड आधीच कुजतंय तिथेच सापडणार ना, बाटलीत विकत थोडेच मिळतात. त्या कुजक्या लगद्यातला चिमूटभर घेऊन पाण्यात मिसळायचा, मग ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करत जायचं, काचेच्या बशीत सेल्युलोजचं, म्हणजे खोडाचा धागा ज्याचा बनतो त्याचं, खाद्य घालून त्याच्यावर पसरायचं, वाढू द्यायचं, नंतर काँगो रेड नावाचा लाल रंग ओतून धुवायचा. ज्या ठिपक्याभोवती लाल रंग टिकत नाही, फिकट वलय दिसतं, त्या जिवाणूने तिथलं सेल्युलोज खाल्लेलं असतं, तो आपल्या कामाचा. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि वर विचारलं की नमुना कुठला होता, कारण किती दिवसांचं खोड, कोणत्या बांधावरचं, वरवर वाळलेलं की आत ओलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता मला सांग, हे कोणाला माहीत होतं? होस्टेलमध्ये राहणाऱ्या तुझ्या बहिणीला माहीत असणं शक्यच नाही. कोणत्या बांधावर मागच्या कटाईचं खोड पडलंय, त्यातलं कोणतं काळं पडून पिठासारखं झालंय आणि कोणतं नुसतंच सडून वास मारतंय हे बाग ज्याची त्यालाच कळतं. तू हात घालून उचललंस, पोत्यात भरलंस, ते गळतं पोतं मोटरसायकलला मागे बांधून तापी ओलांडून एवढ्या लांब नेलंस, रस्त्याने पँटीवर पाणी गळलं असेल, गेटवरच्या वॉचमनने नाकाला रुमाल लावला असेल. आणि तू म्हणतोस काही केलं नाही. भाऊ, तिच्या बशीत जे वाढलं ते तुझ्या शेतातून गेलेलं आहे.

पुढचं सांगायच्या आधी एक काम कर. तिच्या प्रोजेक्टच्या रिपोर्टची कॉपी घरात कुठेतरी असेलच, कपाटात नाहीतर तिच्या जुन्या बॅगेत. काढ ती, आणि सुरुवातीचं ऋणनिर्देशाचं पान वाच. मी ते पाहिलेलं नाही त्यामुळे त्यात काय आहे ते सांगू शकत नाही, पण तीस वर्षं पोरापोरींचे असले रिपोर्ट हातात येत गेले आणि मला माहितीय की गाइड आणि एचओडीची नावं झाल्यावर खालच्या ओळीत मुलं काय लिहितात. ते वाचून मग तिच्यासमोर जा.

आणि जायचंच आहे तुला. तू बोललास ते वाक्य वाईट होतं, मी त्याला दुसरं नाव देणार नाही. "तू शिकली नसती तर मी शिकलो असतो" हे खरंही नाही. वडील गेले म्हणून तुझं शिक्षण सुटलं, ती शिकली म्हणून नाही. ती दहावीला होती, तिने काही मागितलं नव्हतं, ती घरात बसली असती तरी तीन एकराला एक माणूस लागलाच असता आणि तो तूच असतास. तू विचार करून बघ, तिने शाळा सोडून निंदणीला जायचं ठरवलं असतं तर तूच तिचा हात धरून तिला परत शाळेत बसवलं असतंस, मला खात्री आहे, कारण तू नऊ वर्षं तेच करत आलास. मग पाहुण्याच्या एका वाक्याने झालेली जखम तू तिच्या अंगावर का काढलीस? त्या पाहुण्याला उत्तर देता आलं नाही म्हणून घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला दिलंस. आपल्याकडे पुरुष माणसाचं असंच होतं, बाहेर गिळतात आणि घरात ओकतात, आणि मग रात्रभर जागे राहतात.

छातीत अडकल्यासारखं होतं म्हणतोस त्याची मात्र लाज वाटून घेऊ नको. बहिणीचा आनंद आणि आपलं सुटलेलं कॉलेज हे दोन्ही एकाच वेळी मनात असतं, त्यात पाप काही नाही. तुझ्या वर्गातली पोरं पास होऊन गेली तेव्हा तू घड मोजत होतास. ते दुःख तू कोणाकडे बोललाच नाहीस, आईकडे बोलायची सोय नव्हती कारण तिचं दुःख तुझ्यापेक्षा मोठं. मग नऊ वर्षांनी ते फ्लेक्स बघून वर आलं. येणारच होतं.

तर माफी माग. मोठं भाषण नको. घरात ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत बोल, शुद्ध मराठीत माफी मागितली की ती व्हॉट्सअपवर आल्यासारखी वाटते. आमच्या अमळनेरकडे आम्ही अहिराणीत म्हणतो "मन्ही चूक व्हयनी, तू चाल, मी बी येस", म्हणजे माझी चूक झाली, तू चल, मी पण येतो. एवढंच. ती लगेच बोलेल असं नाही. रडेल, किंवा उठून आत जाईल, किंवा म्हणेल आता आठवलं का तुला. ऐकून घे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हण, पण "माझं पण चुकलं तुझं पण चुकलं" असलं काही म्हणू नको, तिचं काही चुकलेलं नाही.

आता पदवीप्रदानाचं. तिने जायलाच पाहिजे आणि तूही जायलाच पाहिजे, आणि हे मी नुसतं तुमचं भांडण मिटावं म्हणून म्हणत नाही, याच्यामागे माझी स्वतःची एक गोष्ट आहे ती सांगते.

मी 1985 ला अमळनेरहून बी.ए. झाले. तेव्हा आपल्याकडे विद्यापीठ नव्हतं, सगळा खान्देश पुणे विद्यापीठाखाली. लग्न ठरलं नागपूरकडे आणि तिकडे एम.ए.ला प्रवेश घ्यायचा म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट पाहिजे होतं, पोस्टाने मागवायला वेळ नव्हता. माझे वडील जिनिंगमध्ये मजूर. त्यांनी शेठकडून उचल घेतली, आम्ही दोघं रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे पुण्यात उतरलो, स्टँडवर तोंड धुतलं, विचारत विचारत पोचलो. खिडकीवरचा माणूस चांगला होता, अर्ध्या तासात दाखला हातात दिला. अर्ध्या तासाच्या कामासाठी दोन रात्री, दोन दिवसांची मजुरी आणि भाडं. यात कोणाची चूक नव्हती, अंतरच तेवढं होतं. माझ्याबरोबर माझ्या मैत्रिणीलाही तोच दाखला हवा होता, ती माझ्यापेक्षा हुशार, संस्कृत तिचं इतकं छान की सर तिला फळ्यावर लिहायला लावायचे. तिच्या घरून पुण्याला पाठवलं नाही. पोरगी, पुणं, कोण जाणार, कुठे राहणार. ती बी.ए.वर थांबली ती थांबलीच. माझी डिग्री नंतर पोस्टाने आली, पोस्टमनने अंगणात हाक मारून दिली, वडिलांनी हात धुवून घेतली आणि ट्रंकेत ठेवली. पदवीप्रदान म्हणजे काय असतं ते माझ्या बापाने कधी बघितलं नाही.

मग 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं. तेव्हा जळगाव आणि धुळे दोनच जिल्हे, नंदुरबार 1998 ला वेगळा झाला, म्हणून आज तीन म्हणतो. त्या दिवसापासून अक्कलकुव्याच्या, शिरपूरच्या, रावेरच्या पोरीला दाखल्यासाठी रात्रीची एसटी धरायची गरज उरली नाही, आणि मुख्य म्हणजे एमएस्सी करायला पुणं लागत नाही, गिरणाकाठी जळगावात होतं. तुझ्या बहिणीला जर पुण्यालाच जावं लागलं असतं तर ती गेली असती का? तीन एकरात पुण्याची खोली आणि मेस झेपली असती? मला वाटतं तूच हिशोब मांडून बघितला असशील. म्हणजे तिचं शिक्षण तुझ्या कष्टावर झालं हे खरंच, पण ते विद्यापीठ मोटरसायकलच्या अंतरावर होतं म्हणूनही झालं. पोतं पुण्याला नेलं असतंस का?

म्हणून मला विद्यापीठातल्या असल्या सत्कारांचं फार अप्रूप आहे. कोणी म्हणतं आपल्याच पोरांचं आपल्याच विद्यापीठाने कौतुक करायचं यात काय मोठं, दिल्ली-मुंबईत कोण विचारतं. मला हे बोलणं आवडत नाही. दिल्ली-मुंबईने विचारावं म्हणून कोणी रात्री बारा वाजता लॅबमधून होस्टेलला परत जात नाही. युवारंग महोत्सवात लोकनृत्य करणारी नवापूरची पोरं, अश्वमेध क्रीडा स्पर्धेला जाणारे खेळाडू, आविष्कारला राज्यभरातल्या विद्यापीठांसमोर आपलं पोस्टर समजावून सांगणाऱ्या मुली, यातल्या कितीतरी घरात पहिल्यांदा कॉलेजला गेलेलं माणूस तेच असतं. त्यांना शाबासकी देणारं घरात कोणी नसतं असं नाही, घरच्यांना नक्की कशाबद्दल द्यायची तेच कळत नाही. तुझ्या आईला सुवर्णपदक म्हणजे काय ते कळलंय का खरंच? तिला वाटत असेल सोन्याचं आहे, चोर येतील. हसू नको, समजावून सांग. विद्यापीठ हजार माणसांसमोर तिच्या पोरीचं नाव घेतं तेव्हा ते तिला कळतं, आपण घरात दहा वेळा सांगून कळत नाही.

मी एका वर्षी अशाच कार्यक्रमाला माझ्या विद्यार्थिनीबरोबर गेले होते. कार्यक्रम संपला, बाहेर सगळे फोटो काढत होते, एक बाई बाजूला उभी, नऊवारी, हातात पिशवी. मुलीने येऊन पदकाची डबी तिच्या हातात दिली तर तिने आधी पदर पुढे केला आणि पदराने डबी धरली, हाताचे डाग लागतील म्हणून. कपाशी वेचून बोटं चिरलेली होती तिची, मी अगदी जवळ उभी होते. मग डबी उघडली, बघितलं, पुन्हा लावली, आणि मुलीला म्हणाली "नाव कोठे शे वं याम्हा?" नाव कोरलेलं दिसेना तिला. मुलीने तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. बाईला वाचता येत नव्हतं पण ती बोट फिरवत राहिली.

ज्या बाईच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे, 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, ती आसोद्याची बाई शाळेत गेलेली नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे तिला सुचायचं आणि ते कागदावर उतरवून घेतलं घरातल्या माणसांनी, तिच्या मुलाने, सोपानदेवांनी. त्यांनी ते लिहून ठेवलं नसतं तर आज आपल्याला काय माहीत असतं? मला तुझं पत्र वाचून हेच आठवत होतं. स्टेजवर एकच नाव पुकारतात, त्याला इलाज नाही, पदक एकच असतं. पण घरच्यांसाठी ज्या खुर्च्या असतात त्यातली दुसरी खुर्ची तिने तुझ्या नावाने मागितली होती, भांडणाच्या आधी, कोणी न सांगता. ती रिकामी ठेवू नको.

(विद्यापीठातलं कोणी हे वाचत असेल तर एक विनंती आहे, माझी जुनीच आहे. नाव पुकारताना कॉलेजबरोबर गावाचंही नाव घ्या. कॉलेजचं नाव घेतलं की पुढच्या रांगेतले प्राचार्य टाळ्या वाजवतात, गावाचं घेतलं की मागच्या रांगेतून आवाज येतो. त्या मागच्या रांगेसाठीच हा कार्यक्रम असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आणि पदक देऊन मोकळं होऊ नका, या पोरांना पुढच्या वर्षी त्यांच्याच तालुक्यातल्या कॉलेजात बोलवा, एक तास द्या, काय केलं कसं केलं ते ज्युनिअर पोरांना ऐकू द्या.)

फ्लेक्सचं. त्यावर सरपंचाचा फोटो असेल, आईचा नसेल, तुझा नसेल, आणि याचं वाईट वाटलं असेल तर ते बरोबर आहे. पण त्यावरून भांडू नको, फ्लेक्स उन्हाने महिनाभरात फिका पडतो. त्यापेक्षा गावातल्या शाळेत जा, हेडमास्तरांना विचार, एक शनिवार मागून घे. तुझी बहीण आठवी ते दहावीच्या पोरींशी बोलू दे. तिला म्हणावं ती काचेची बशी ने सोबत, ते फिकट वलय दाखव, फोटो असेल तर फोटो दाखव. आणि खोड तू आण. गावातल्या प्रत्येक पोराने खोड बघितलेलं आहे, घड कापला की ते झाड पुन्हा फळत नाही, मग ते उपटून बांधावर नाहीतर नाल्यात टाकायला वर मजुरी द्यावी लागते हे त्यांच्या बापाचं रोजचं रडगाणं आहे. त्याच खोडावर आपल्या गावातली ताई अभ्यास करून पहिली आली हे त्या पोरींना कळलं तर त्यांच्या डोक्यात काय काय सुरू होईल ते तुला-मला सांगता येणार नाही.

तुझ्या शिक्षणाचं. लोक हसतील का, तर दोन-चार हसतील, मग कापसाचा भाव पडला की विसरतील. 29 हे काही वय नाही, माझ्या वर्गात बाहेरून परीक्षा देणाऱ्या बायका असायच्या, पोराची परीक्षा आणि त्यांची परीक्षा एकाच महिन्यात. आधी हे कर: एफ.वाय., एस.वाय.च्या मार्कशीट, बारावीची मार्कशीट आणि टीसी शोधून एका फाइलला लाव. मग तुझ्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर विचारू नको, फोनवर "नाही होणार" म्हणणं सोपं असतं. त्यांना विचार की माझं टी.वाय. राहिलं होतं, मध्ये इतकी वर्षं गेली, अभ्यासक्रम बदलला, तर मला आता पुढे प्रवेश मिळेल की कालमर्यादा संपली. होत असेल तर उत्तम. नसेल होत तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून तुझ्यासारख्यांसाठीच चाललंय, बारावीवर बी.ए., बी.कॉम.ला प्रवेश मिळतो, शेतीचेही अभ्यासक्रम आहेत, घरी पुस्तकं वाचायची आणि जवळच्या अभ्यासकेंद्रात जायचं. मला विचारशील तर तू शेतीचं काहीतरी कर. तुला केळी नऊ वर्षांची पाठ आहे, मृगबाग, कांदेबाग, पीलबाग असे केळीच्या बागेचे सगळे प्रकार हाताखालून गेलेत, पुस्तकातला निम्मा भाग तुला आधीच येत असेल. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, तिथेही एकदा बहिणीला घेऊन जा, तिने जे जिवाणू शोधले ते बशीत चालतात की बांधावरही चालतात हे विचारायला. एक ओळ खोड तिच्यासाठी राखून ठेव. चालेल, नाही चालेल, ते ती बघेल, ते तिचं काम.

पण हे सगळं पदवीप्रदानाच्या नंतर. आत्ता शिकायचं ठरवलंस तर ते पाहुण्याला दाखवायला ठरवल्यासारखं होईल, आणि त्या रागावर दोन सेमिस्टरसुद्धा निघत नाहीत. आणि त्या पाहुण्यांचं सोड. ज्या घराला बहिणीचं पदक मुलाचा कमीपणा वाटतो त्या घरातली मुलगी तुमच्या घरात येऊन सुखी राहिली नसती. शेती करणाऱ्या पोरांना स्थळं मिळत नाहीत हे मला माहितीय, गावोगाव तेच आहे, आईच्या जिवाला घोर लागतो, मी हे हलक्यात घेत नाही. तरी पुढच्या वेळी कोणी विचारलं तर मान खाली घालू नको. "मी एस.वाय. पास आहे, शेती करतो, बहिणीला एमएस्सी केलं" एवढं सरळ सांग, आणि आईला पण असंच सांगायला शिकव, ती "बारावी" म्हणत असेल तर तिला सांग की दोन वर्षं अजून आहेत.

त्या दिवशीचं थोडं. आदल्या रात्री आमंत्रण, बहिणीचं ओळखपत्र, तुमच्या दोघांचं आधार एका पिशवीत घालून ठेव. आईला मोटरसायकलवर नेऊ नको, एसटीने जा, बायकांना अर्धं तिकीट आहे, तिला खिडकीची जागा दे. बहिणीला तिथे लवकर बोलावलेलं असेल आणि ती वेगळी बसेल, त्यामुळे आईजवळ तू पाहिजेसच, नाहीतर तिला त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुठे बघायचं तेच कळणार नाही. नाव पुकारायच्या आधी आईला कोपराने ढोस. मोबाईल चार्ज करून ने पण स्वतः फोटो काढत बसू नको, तिथे फोटोवाले असतात, तू डोळ्यांनी बघ. पदक बाहेर आल्यावर आधी आईच्या हातात जाऊ दे. मग जळगावात कुठेतरी बसून तिघं नीट जेवा, आईला स्टँडवर वडापाववर भागवू नका.

परत येताना तापीच्या पुलावर अंधार पडलेला असेल. तुमच्या डीपीला, म्हणजे शेताच्या ट्रान्सफॉर्मरला, त्या आठवड्यात रात्रपाळीची लाईट असली तरी त्या रात्री मोटार सुरू करायला शेतात जाऊ नको. शेजारच्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर राहू दे, एका रात्रीने केळी वाळत नाही. तिघं एका घरात झोपा.